ओकचा पाट

सोनपेठला धाकट्या भावाच्या नव्या फरशीला मी चारचौघांत 'गोठा' म्हणालो. चूक माझीच. तुम्हा गावाकडच्या माणसांना ते लागलं असेल. माझ्यासारखे गाव सोडून गेलेले कदाचित समजून घेतील.

मी अमेरिकेला निघालो त्या सकाळी माय घर सारवत होती. अर्धी जमीन ओली, अर्धी कोरडी. धाकटा दत्ता माझी ट्रंक डोक्यावर घेऊन एसटीकडे निघाला, तेव्हा शेणानं भरलेले हात तसेच धरून ती दारात उभी राहिली. "तू नजरंआड होस्तोवर हात लावत न्हाई, बाबा." माणूस घराबाहेर पडला की लगेच झाडणं-सारवणं नको, ही आमच्याकडची रीत. बसमध्ये मनात एवढंच आलं, की उरलेल्या सारवणाला पाणी आता दत्ता आणून देईल. तेव्हापासून मी त्याच्यावर जळत आलो.

काही वर्षांनी तिकडे घर घेतलं. शेजारीपाजारी भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे घालत होते. मला मायच्या अनवाणी पायांना मानवेल अशी जमीन हवी होती. दुकानात बूट-मोजे काढून मी एकेका लाकडावर उभा राहिलो. रेड ओक तांबूस वाटलं, मेपल फिकं. व्हाइट ओकचा रंग मात्र थेट वाळल्या कडब्याचा. तेच घेतलं. आता माय माझ्याकडे राहील, दत्ताकडे नाही, हे मी मनाशी ठरवूनही टाकलं. दुकानदारानं पट्ट्या जोडून केलेला हातभर नमुना दिला. तो बॅगेत घालून तिला न्यायला आलो.

घरात पाऊल टाकलं तर सारवलेली जमीन नाहीच. दत्तानं स्वतःच्या हातानं शहाबादी फरशी बसवली होती. भेटायला आलेल्या प्रत्येकाला माय सांगत होती, "लय गार लागती पायाला. माजी कंबर वाचवली लेकरानं."

तेव्हाच 'गोठा' हा शब्द माझ्या तोंडून गेला. वर नमुना काढून म्हणालो, "जमीन म्हणतात ती अशी."

"गोठा तर गोठा, दादा," दत्ता हसला. "जनावरं खूश हायत."

मायनं नमुना पदरानं पुसला, हात फिरवून पाहिला. जेवायच्या वेळी तो पाटासारखा भिंतीशी मांडून म्हणाली, "बस, बाबा."

पाट एकच होता. आमच्या घरात पाट पाहुण्याला. दत्ता फरशीवर मांडी घालून बसला, माय त्याच्याजवळ.

"माय, माझ्यासोबत राहायला चल."

"येते की चार दिस. पर ऱ्हायाला न्हाई. हितं मला कुणी पाट मांडत न्हाई."

दत्ताच्या मांडीखालच्या गार दगडाचासुद्धा मला हेवा वाटला. आजही वाटतो. तिकडे ओकवर मी मालकासारखा चालतो, पण घर म्हटलं की मला ती फरशीच आठवते, जिथे जेवायला नुसतं खाली बसायचं असतं.

त्या दिवशी मी उठलो. पाट सरकवला, ताट उचललं आणि दत्ताला खेटून खाली बसलो.

"फरशी चांगली बसवलीस," मी म्हणालो. "गोठा म्हणालो ते जळून. माझं चुकलं, दत्ता."