शेवटची फेरी बाकी आहे

सबंध पुणे जिल्ह्यात माझ्या साडूंइतका लाडका माणूस दुसरा नाही, आणि हे वाक्य मी अत्यंत जड हाताने लिहितो आहे. लाडकं असायला माणसाकडे काहीतरी हवं. दिसणं म्हणाल तर बेताचं, आवाज सर्दी झाल्यासारखा, शर्टाचं वरचं बटण कायम चुकीच्या काजात. माझ्याकडे यातलं सगळं बरं आहे, असं मला आरसा रोज सांगतो. तरीही हडपसरहून दोन बस बदलून हे गृहस्थ कसबा पेठेत आमच्या दारात उभे राहिले की माझी बायको, जी माझी चाहूल लागल्यावर फक्त "चपला बाहेर काढा" एवढंच म्हणते, ती हातातलं लाटणं टाकून "दाजी आले!" म्हणून धावते. साडूंकडे एकच गोष्ट आहे जी माझ्याकडे नाही, ती म्हणजे खेड लोकसभा मतदारसंघ.

आता खेड मतदारसंघ कुणाकडेच नाही हे जगाला ठाऊक आहे. पुनर्रचनेत तो मोडला, त्याचे तुकडे इकडेतिकडे वाटले गेले आणि मतदार नव्या मतदारसंघांत मुकाट्याने नांदायला लागले. साडू मात्र नांदले नाहीत. ते जिल्हा परिषदेत नोकरीला होते. मतमोजणीची ड्युटी चुकवायला बाकीचे कर्मचारी डॉक्टरांचे दाखले जोडायचे, तेव्हा हे ती ड्युटी मिळावी म्हणून अर्ज करायचे. त्यामुळे त्या मतदारसंघाच्या पहिल्यापासून शेवटपर्यंतच्या निवडणुका, काही पाहिलेल्या, काही जुन्या माणसांकडून ऐकलेल्या, त्यांना पाठ आहेत. स्वतःच्या लग्नाचं साल विचारलं तर ते म्हणतात, "मतपत्रिका लांबलचक होती ना, त्या निवडणुकीच्या आदल्या उन्हाळ्यात." मेहुणीबाईंनी हे उत्तर गेली कित्येक वर्षं गोड मानून घेतलं आहे. मी एकदा आमच्या लग्नाची तारीख एका दिवसाने चुकलो, तर घरात चार दिवस बोलणं बंद होतं.

मागे एक तरुण कार्यकर्ता मतदानाच्या चिठ्ठ्या वाटत त्यांच्या सोसायटीत आला. त्याने मतदारसंघ विचारला. साडू म्हणाले, "खेड." तो म्हणाला, "काका, तो तर आता नाहीये." साडूंनी विचारलं, "तुझे पणजोबा आहेत?" तो म्हणाला, "नाहीत." "मग आडनाव बदललंस का?" पोरगं चिठ्ठी ठेवून निघून गेलं, आणि सोसायटीभर हा किस्सा महिनाभर गाजला. मी असलं काही बोललो असतो तर माझी तक्रार झाली असती.

त्यांची खरी करामत सांगण्यात आहे. निकाल ते एका वाक्यात कधीच सांगत नाहीत. पहिली फेरी, दुसरी फेरी, घाटाकडच्या पेट्या उघडल्या, नदीकाठच्या उघडल्या, अमका पुढे, आता तमका पुढे, असं ते रंगवत नेतात, आणि निकाल माहीत असलेली माणसंसुद्धा घास हातात धरून बसतात. माझ्या नातवाच्या बारशाला, माझ्या, त्यांनी नावासाठी मतदान घेतलं. प्रत्येक नावाला चिन्ह दिलं, पिठाच्या डब्याची मतपेटी केली आणि पाळण्याशेजारी उभं राहून फेऱ्या जाहीर केल्या. मी सुचवलेल्या नावाला एक मत पडलं. ते मी टाकलं होतं, त्यामुळे बायकोने कुणाला मत दिलं नाही हे गुप्त मतदान असूनही मला समजलं.

इतकंही मी सहन केलं असतं. पण मला खरं सलतं ते अण्णांचं. अण्णा म्हणजे आमचे सासरे. त्यांना दोन मुलीच. सासूबाई गेल्यावर गावचं घर बंद करून ते आमच्याकडे राहायला आले. त्यांच्या डोळ्यांत थेंब मी घालतो, नखं मी कापतो, जिन्यावरून हात धरून मी उतरवतो. अलीकडे त्यांची आठवण अधूनमधून दगा देते. मला ते कधी "धाकलं पाव्हणं" म्हणतात, तर कधी "मास्तर" म्हणतात, आणि मी कधीच मास्तर नव्हतो. आठवडाभर पानात अन्न चिवडत बसणारा हा म्हातारा रविवारी संध्याकाळी मात्र ताठ बसतो, कारण मोठे जावई येणार असतात.

तरुणपणी अण्णांनी खेडमध्ये एका अपक्ष उमेदवाराचा प्रचार केला होता. सायकलला भोंगा बांधून गावोगाव हिंडले, घसा बसला, पीक काढायचं राहिलं, आणि तो उमेदवार अगदी थोडक्यात पडला. साडू दारातून आत आले की अण्णा विचारतात, "निकाल लागला का वं?" मग साडू खुर्ची पुढे ओढून ती मतमोजणी पहिल्यापासून सांगतात. आपला माणूस मागे, आपला माणूस बरोबरीत, आपला माणूस पुढे! आणि इथे ते थांबतात. "शेवटची फेरी बाकी आहे, अण्णा. अधिकारी जेवायला गेलेत." अण्णा म्हणतात, "जेवू द्या, जेवू द्या," आणि स्वतः दोन भाकरी खातात. आठवडाभर राबतो मी आणि भाकऱ्या साडूंच्या नावावर! माझा नुसता जळफळाट होतो.

गेल्या महिन्यात एका रविवारी साडूंना ताप आला. फोन ठेवल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी कोपऱ्यावरून पेढे आणले. माझा बेत साधा होता: साडूंनी नुसती आशा दिली, मी विजय देणार. अण्णा दाराकडे बघत बसले होते; त्यांनी काही विचारायच्या आतच मी खुर्ची ओढली. सगळ्या फेऱ्या मलाही पाठ होत्या, इतक्या वर्षांत भिंतीलाही झाल्या असतील. घाटाकडच्या पेट्या उघडल्या, नदीकाठच्या उघडल्या, आणि मी उभा राहून म्हणालो, "अधिकारी जेवून आले, अण्णा! आपला माणूस निवडून आला!" आणि त्यांच्या हातात पेढा ठेवला.

अण्णांनी पेढ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इतक्या स्वच्छ नजरेने त्यांनी माझ्याकडे कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"पाव्हणं, आपुन पडलो हुतो," ते म्हणाले. "सायकलीवरनं भोंगा सोडून मीच घरी आणला. मला म्हाईत न्हाई व्हय?"

मी विचारलं, "मग दाजींना दर रविवारी का विचारता?"

"त्यांना वाटतं मी इसारलो. इसरतो बी मी, पर त्ये न्हाई." पेढा त्यांनी हळूच बशीत ठेवला. "शेवटच्या फेरीपाशी किती जपून थांबतंय त्ये मानूस, बघितलंय का कधी? तेवढं बघाया मिळावं म्हणून इचारतो. त्यांना बोलू नगा."

पुढच्या रविवारी साडू गळ्याभोवती मफलर गुंडाळून आले. अण्णांनी निकाल विचारला. साडूंनी खोकत खोकत सगळ्या फेऱ्या सांगितल्या, आणि शेवटच्या फेरीपाशी ते थांबले. त्या दिवशी मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. अण्णांचा चेहरा उतरत तर नाही ना, एवढंच ते बघत होते. अण्णाही त्यांच्याकडे बघत होते, ओळखू येणार नाही असं. दोघं एकमेकांना जपत होते. मला तर या घरात सगळे खरं ते तोंडावर सांगतात. माझ्यासाठी कधी कुणी एखाद्या फेरीपाशी थांबल्याचं आठवत नाही. फार हेवा वाटला, दोघांचाही.

साडूंना बसपर्यंत सोडायला गेलो. बस येत नव्हती. ते खोकले, आणि इकडेतिकडे पाहत म्हणाले, "साडूभाऊ, आता दोन बस बदलून येणं झेपत नाही हो. मी नसलो तर अण्णांचं तेवढं तुम्ही सांभाळाल ना? फक्त शेवटच्या फेरीआधी थांबायचं. त्यांना निकाल कळता कामा नये. दुसऱ्या कुणाला हे जमणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतो."

उभ्या जन्मात या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. सगळं सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, "सांभाळीन."

बस आली. त्यांना दांडीला धरून वर चढायला वेळ लागला, आणि मी मागून त्यांच्या पाठीला हात दिला. खिडकीजवळ बसून त्यांनी मफलर सारखा केला, मला हात केला, आणि बस पुलाच्या दिशेने निघून गेली. मी तिथेच थोडा वेळ उभा राहिलो. ती मतमोजणी मला आता शब्दन्‌शब्द येते, थांबायचं कुठे तेही येतं. पण ती मला कधी सांगावी लागू नये, दर रविवारी यांनीच येऊन मला जळवावं, असं फार वाटत होतं.