टेम्प्लेट निवडेपर्यंत दिवाळी आली

आमच्या ऑफिसात काम कमी झालं आणि किस्सेच जास्त साठले. कर्जत स्टेशनजवळ, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची वेबसाइट करून देणारी कंपनी आहे. कंपनी म्हणजे तिघं. मी, खालापूरकडच्या गावातला नितीन आणि कर्जतच्या मास्तरांची केतकी. चहाला मित्र जमले की "काकूंचं सांग रे" अशी फर्माईश होते. मी सांगतो, लोक हसतात. माझे कान मात्र अजून गरम होतात.

काकू म्हणजे माथेरानच्या रेखाकाकू. त्यांचं वर छोटंसं लॉज आहे. पाहुणे सगळे नेरळ स्टेशनवरचा एक एजंट पळवायचा. मुलगा मागे लागला होता, की लॉज त्या एजंटलाच चालवायला देऊन टाकू. काकूंनी त्याच्याकडून एक दिवाळी मागून घेतली. "दिवाळीत माझ्या खोल्या मी भरून दाखवल्या तर लॉज माझ्याकडे," आम्हाला म्हणाल्या, "तेवढी वेबसाइट करून द्या बाबांनो." तेव्हा पाऊस चालू होता. आम्हाला वाटलं, वेळच वेळ आहे.

*

हल्ली वेबसाइट कोणी कोऱ्या पाटीवर सुरू करत नाही. तयार टेम्प्लेट घ्यायचं. लॉगिन, डेटाबेस, स्क्रीनवरची पानं, सगळं आधीच एकमेकांना जोडून मिळतं. त्यात आम्हाला 'टाइप-सेफ' हवं होतं. म्हणजे आकड्याच्या जागी आकडाच, तारखेच्या जागी तारीखच, आणि जे रिकामं सोडायचं नाही ते रिकामं सुटणारच नाही. चूक गिऱ्हाइकापर्यंत पोचायच्या आत आपल्यालाच सापडते. अशी टेम्प्लेटं इंटरनेटवर ढिगानं पडलीत, तीच तर पंचाईत.

नितीनने काकूंना पेणचं उदाहरण दिलं. "काकू, गणपतीचा साचा असतो ना, तसं हाय. साचा चांगला घेतला की मूर्ती बिघडायची नाय. आमी सध्या साचे बघतोय."

काकूंनी मान डोलावली. पुढे विसर्जन झाल्यावर त्यांचा फोन आला.

"नितीन, गणपती गावाला गेले रं. तुझा साचा मिळाला का?"

*

साचा कसा मिळणार? तिघांनी मत दिलं तर तीन टेम्प्लेटांना एकेक मत पडलं. केतकी म्हणाली, नितीनच्या टेम्प्लेटकडे ते बनवणाऱ्यानेच पाठ फिरवली आहे. नितीन म्हणाला, केतकीचं टेम्प्लेट एवढं कडक हाय की त्यात माणूस श्वास घेऊ शकत नाय. मग दोघं आपापल्या कॉम्प्युटरवरून एकमेकांना मेसेज पाठवून बोलायला लागली. मध्ये मी, वडापाव आणून देणारा.

शेवटी पुण्यातल्या एका मित्राला पंच नेमलं. त्याने दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या आणि म्हणाला, "तुम्ही लोक अजून हे वापरता?" आणि आणखी चार नवीन टेम्प्लेटं पाठवून दिली.

*

त्याच दिवसांत नितीन मुलगी बघायला चौक गावी गेला. मुलीच्या मामांचं हायवेला गॅरेज. मामांनी विचारलं, सध्या काय काम चालू आहे?

"माथेरानच्या एका लॉजची वेबसाइट करतोय."

"कुठवर आली?"

नितीन खोटं बोलत नाही, ही त्याची अडचण आहे. "अजून सुरुवात नाय केली. कशात करायची ते निवडतोय. पावसापासून."

मामांनी आतल्या खोलीकडे बघून आवाज दिला, "पोहे सावकाश आणा गं. पाहुण्यांना निवडायला वेळ लागतो."

लग्न जमलं नाही. नितीन म्हणतो पत्रिकेमुळे.

*

नवरात्रात काकू स्वतः डोंगर उतरून ऑफिसात आल्या, हातात चिक्कीची पिशवी. दाखवण्यासारखं आमच्याकडे एकच होतं, टेम्प्लेटबरोबर फुकट आलेलं लॉगिनचं पान. केतकीने ते काकूंच्या मोबाइलवर लावून दिलं. काकूंनी चष्मा लावून नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आत गेल्या. आत पांढरं पान.

काकूंनी ते वर-खाली सरकवून बघितलं. आम्ही तिघंही चिक्की खात होतो. चिक्कीमुळे तोंड उघडता येत नाही, हे बरंच झालं.

"दार छान केलंय," काकू म्हणाल्या. पुढे कळलं, की वर जाऊन त्यांनी शेजारीपाजारी सगळ्यांना ते दार दाखवलं. आपली कर्जतची पोरं करताहेत म्हणून.

*

दिवाळी तोंडावर आली तेव्हा भांडायलाही वेळ उरला नाही. हॉटेल बुकिंगचं एक आयतं टेम्प्लेट उचललं. परदेशात हायवेच्या कडेला मोटेलं असतात, त्यांच्यासाठी केलेलं. पूर्ण टाइप-सेफ. मराठी केलं, काकूंच्या लॉजचे फोटो घातले, बुकिंग करून बघितलं, झालं. नितीनने प्रत्येक रकान्यात नमुना म्हणून फिकट अक्षरांत काहीतरी लिहून ठेवलं होतं. वेबसाइट चालू झाली आणि काकूंच्या खोल्या भरायला लागल्या. आम्ही एकमेकांना पेढे भरवले.

भाऊबीजेनंतर केतकी बुकिंगं चाळत बसली होती. एकदम म्हणाली, "अरे, हा गाडीचा नंबर कोणाचा? सगळ्या पाहुण्यांचा एकच कसा?"

नंबर माझ्या स्कूटरचा होता. स्कूटर खाली हार्डवेअरसमोर उभी होती.

मोटेलला माणूस गाडीनेच येतो, म्हणून त्या फॉर्मात गाडीचा नंबर टाकल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. आम्ही टेस्ट करताना माझ्या स्कूटरचा नंबर टाकत होतो, नितीनने नमुना म्हणूनही तोच ठेवलेला. ज्या गावात गाडीला बंदी आहे त्या गावच्या लॉजला आम्ही गाडीचा नंबर सक्तीचा केला होता. आमच्या ऑफिसच्या खिडकीतून माथेरानचा डोंगर दिसतो.

काकूंना फोन लावला, तो नंबर माझ्या स्कूटरचा आहे तेही सांगितलं. "हो रे," त्या म्हणाल्या, "माझे पाहुणे नेरळहून छोट्या रेल्वेने येतात, नाहीतर चालत. फॉर्म अडला की मला फोन करायचे. मी एकेकाला सांगायची, तिथे फिकट लिहिलंय ना, तेच टाका. दिवाळीभर फोनवरच होते. चुकलं का रे माझं काही?"

त्या बाईने आमची चूक स्वतःच्या घशाने भरून काढली होती, आणि वर आम्हालाच विचारत होत्या.

त्याच दुपारी आम्ही माफी मागायला निघालो. स्कूटर दस्तुरीला, जिथे गाड्यांची हद्द संपते तिथे लावली, पुढे चालत. लॉजच्या व्हरांड्यात पाहुणे चहा पीत बसले होते. लॉज एजंटला द्यायला निघालेला काकूंचा मुलगाच कपबशा फिरवत होता. काकू उठून कौतुकाने म्हणाल्या, "हीच ती आमची पोरं. आणि हा श्रीरंग, त्या नंबरचा स्कूटरवाला."

डोंबिवलीचे एक आजोबा खुर्चीवरून उठले. ती खुर्ची त्यांनी माझ्याकडे सरकवली.

"बसा हो," ते म्हणाले, "आम्हा सगळ्यांना एकट्याने वर आणलंत. दमला असाल."