कर्ता नसलेली वाक्यं

मिरजेच्या एका इस्पितळात मी सहा वर्षं इंग्रजी दुरुस्त करायचं काम केलं. पदाचं नाव दुसरंच होतं, पण काम तेवढंच. डॉक्टरांनी घाईघाईत लिहिलेले डिस्चार्जचे कागद, विमा कंपन्यांना जाणारी पत्रं, तक्रारींची उत्तरं, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. सकाळी सांगलीहून बसनं यायचं, रेकॉर्ड रूमशेजारच्या खोलीत बसायचं आणि संध्याकाळपर्यंत दुसऱ्यांची वाक्यं सरळ करायची.

मी मूळची उंब्रजची. बारावीपर्यंत मराठीतच शिकले. इंग्रजी आलं ते कराडच्या कॉलेजातल्या सरांमुळं. सर व्याकरण पाठ करून घ्यायचे नाहीत. आम्ही लिहिलेला निबंध घ्यायचे आणि पेन्सिलीनं प्रत्येक क्रियापदाभोवती गोल करायचे. मग विचारायचे, "ह्या क्रियापदाचा धनी कोण? दाखव." धनी दाखवता आला नाही तर वाक्य परत लिहायचं. ते म्हणायचे, इंग्रजी वाक्याला जीव येतो तो मोठ्या शब्दांनी नाही. कुणीतरी काहीतरी केलं, एवढं साफ दिसलं की वाक्य चालायला लागतं. आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली. वाक्याचा शेवट ही सगळ्यात उजेडाची जागा असते, महत्त्वाचा शब्द तिथं ठेवायचा. मधली जागा अंधारी, तिथं ठेवलेलं वाचणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

ह्या दोन गोष्टींवर मला नोकरी मिळाली. त्यांचा मी जो उपयोग केला, तो सांगायला हे लिहिते आहे.

एका दुपारी आमच्या व्यवस्थापकांनी एक तक्रार माझ्यासमोर ठेवली. माण तालुक्यातल्या एका माणसानं ती हातानं इंग्रजीत लिहिली होती. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्याच्या बायकोचं आमच्याकडं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन नीट पार पडलं, दुसऱ्या दिवशी दुपारी तिला घाम फुटला, ती पांढरी पडली आणि संध्याकाळी गेली.

पत्र दीड पानाचं होतं. काळ चुकलेले, एकवचन-अनेकवचनाचा मेळ नाही, स्पेलिंगची तर गोष्टच नको. मी सवयीनं पेन्सिल उचलली आणि वाचायला लागले. 'आय टेल सिस्टर फोर टाइम. सिस्टर टेल डॉक्टर ऑन फोन. डॉक्टर नॉट कम. फोर ओक्लॉक टू सेव्हन ओक्लॉक. माय वाइफ हँड गोइंग कोल्ड. आय होल्ड.'

पेन्सिल मी खाली ठेवली. प्रत्येक वाक्याला कर्ता होता. कोण बोललं, कोण आलं नाही, हात कुणी धरला होता, सगळं दिसत होतं. सहा वर्षांत त्या खोलीत आलेलं इतकं जिवंत इंग्रजी मी वाचलं नव्हतं. सरांनी त्यात एकाही क्रियापदाचा धनी विचारला नसता.

व्यवस्थापक म्हणाले, "फाईल मागवून घ्या आणि उत्तर तयार करा. साधं, सभ्य. कुठं अडकायला नको."

मी फाईल मागवली. नर्सच्या नोंदीच्या पानावर निळ्या शाईनं लिहिलं होतं की चार वाजून दहा मिनिटांनी नाडी जलद, रक्तदाब कमी, ड्यूटी डॉक्टरांना फोनवर सांगितलं. पावणेपाचला पुन्हा फोन. साडेपाचला पुन्हा. डॉक्टरांची पहिली नोंद सात वाजून वीस मिनिटांची. मधल्या वेळात ते कुठं होते, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. म्हणजे हवालदारानं लिहिलेलं अक्षर अन् अक्षर खरं होतं.

आणि मी उत्तर लिहिलं. दीड तास लागला. पहिलंच वाक्य तिच्या जुन्या मधुमेहापासून सुरू केलं, म्हणजे वाचणाऱ्याचं बोट आधी तिच्याकडंच वळावं. मग, 'द ड्यूटी डॉक्टर वॉज इन्फॉर्म्ड.' कुणी, किती वाजता, किती वेळा, काही नाही. 'द पेशंट वॉज रिव्ह्यूड इन द इव्हनिंग.' सात वीसचं मी 'संध्याकाळ' केलं. चार दहा गाळूनच टाकलं. तिचा मृत्यू एका लांब वाक्याच्या मधोमध, दोन स्वल्पविरामांच्या मध्ये ठेवला. त्या वाक्याच्या शेवटी, उजेडाच्या जागी, इस्पितळानं नातेवाइकांना दिलेलं सहकार्य ठेवलं. एकही शब्द खोटा नव्हता. व्यवस्थापकांनी वाचलं आणि म्हणाले, "तुमच्यासारखं कुणाला जमत नाही." मला त्या वेळी बरं वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पंधरा-वीस दिवसांनी तो माणूस ते उत्तर घेऊन इस्पितळात आला. खालच्या खिडकीवरच्या मुलीनं त्याला वर माझ्याकडं पाठवलं, इंग्रजीचं काम वरच्या मॅडमचं म्हणून. साठीच्या आतबाहेरचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, ताठ चालणं. आमच्याकडं फौजेतून आलेल्या कुणालाही मेजर म्हणतात, तसं मीही म्हटलं, "बसा, मेजर."

"बसत न्हाई, ताई. एवढं वाचून सांगा. मला इंग्रजी कळतंय, पर ह्यातलं कळंना."

त्यानं कागद माझ्यापुढं सरकवला. मी मराठीत सांगायला लागले. डॉक्टरांना कळवण्यात आलं. रुग्णाला तपासण्यात आलं. सर्व प्रयत्न करण्यात आले.

"कुणी कळवलं?"

"ते लिहिलेलं नाही."

"किती वाजता तपासलं?"

"संध्याकाळी."

"सात वीसला. भिंतीवर घड्याळ हुतं." त्यानं कागद स्वतःकडं ओढला. "आमच्या युनिटात असा रिपोर्ट दिला असता तर सायबानं तोंडावर फेकला असता. कोन गेला, कवा गेला, कुणी बघितलं, हे पयलं लिवायचं. इंग्रजीत असं बिनमाणसाचं चालतंय व्हय?"

"चालतं," मी म्हणाले. "मराठीतही चालतं."

त्यानं कागदाची घडी घातली, वरच्या खिशात ठेवली, "उपकार झालं, ताई," म्हणाला आणि गेला. मी जागेवरच बसून राहिले. त्या दिवशी नंतर आलेल्या एकाही कागदावर मी काम केलं नाही.

त्यानं पुढं आरोग्य खात्याच्या वरच्या कार्यालयाकडं दाद मागितली. पुन्हा स्वतःच्याच हातानं, स्वतःच्याच इंग्रजीत. चार महिन्यांनी त्यांच्या निर्णयाची प्रत आमच्याकडं आली आणि फाईलला लावायला म्हणून माझ्या टेबलावर आली. त्यात होतं की तक्रारदाराची भाषा अस्पष्ट असल्यामुळं घटनांच्या वेळेचा बोध होत नाही. उलट इस्पितळाचा खुलासा सुस्पष्ट आहे. तो खुलासा म्हणजे मी लिहिलेलं पत्र.

मी ते वाक्य चार-पाच वेळा वाचलं. मग व्यवस्थापकांकडं जाऊन म्हणाले, "सर, नर्सच्या नोंदीत चार दहा आहे. आपण ते त्यांना कळवायला पाहिजे."

त्यांनी चष्मा काढला. ते काही दुष्ट गृहस्थ नव्हते. माझ्या वडिलांच्या आजारपणात त्यांनीच मला रजा दिली होती. "विचारलंय का कुणी?" ते म्हणाले. "न विचारलेलं सांगायचं नसतं. विषय संपलाय."

पुढच्या रविवारी मी सांगलीहून विट्याला आणि तिथून दहिवडीच्या गाडीत बसले. फाईलवरचा मेजरचा पत्ता मी लिहून घेतला होता, तेही नियमाला धरून नव्हतं. त्याचं गाव रस्त्यापासून आत होतं. घराला पत्र्याचं छप्पर, पुढं मेंढरांचा वाडा. मुलगा मुंबईला कामाला, इथं हा एकटाच. मला बघून त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यानं बाज पुढं ओढली, स्वतः चूल पेटवून चहा केला. चहात साखर फार झाली होती. भिंतीवर बायकोचा फोटो होता, ओळखपत्रावरचा लहान फोटो मोठा करून घेतलेला, त्यामुळं चेहरा पुसट झालेला.

बसमधून येताना मी बरीच जुळवाजुळव केली होती. त्यातलं काही तोंडातून आलं नाही. मी एवढंच म्हणाले, "ते उत्तर मी लिहिलं."

"ठाव हाय," तो म्हणाला. "त्या दिवशी तुमी कागद न बघता सांगत हुता."

मी मान खाली घातली. त्यानं मला रडू दिलं, काही समजूत घातली नाही. मग विचारलं, "लिवताना ठावं हुतं का, सिस्टरनं फोन केल्यालं?"

"हो. नोंद होती. तीन वेळा."

"म्या चार येळा सांगिटलं सिस्टरला. ती पोरगी रडाय लागली हुती. एकदा तिनं फोन केला नसंल." तो उठून वाड्यापर्यंत गेला, उगीच एका मेंढीच्या पायाकडं बघून परत आला. "तवा ताई, आता काय करायला आलाय तुमी?"

मी म्हणाले, आपण पुन्हा लिहू. ह्या वेळी मी लिहिते, आणि फाईलमध्ये काय होतं ते माझं म्हणून वेगळं लिहून सही करते.

आम्ही उंबऱ्यात बसून लिहिलं. तो मराठीत सांगायचा, मी इंग्रजीत लिहायची आणि परत त्याला वाचून दाखवायची. 'चार वाजता माझी बायको म्हणाली, मला थंडी वाजते. मी नर्सला सांगितलं. नर्सनं डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर आले नाहीत.' मी एका ठिकाणी 'दुर्दैवानं' असा शब्द घातला, त्यानं तो काढायला लावला. "दैवाचं काय न्हाई ह्यात." शेवटचं वाक्य काय करावं ह्यावर आम्ही बराच वेळ अडलो. मला न्यायाची मागणी करणारं काहीतरी हवं होतं. तो नको म्हणाला. शेवटी त्यानं सांगितलं तसंच ठेवलं, 'डॉक्टर आले तेव्हा तिनं मला ओळखलं नाही.' सरांना दाखवता आलं असतं असं मी आयुष्यात एवढं एकच पान लिहिलं. सर वारून तेव्हा तीन वर्षं झाली होती.

त्याच कार्यालयाकडं पत्र गेलं, त्यासोबत माझं निवेदनही गेलं. आठवड्याभरात इस्पितळानं मला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. ते पत्रही इंग्रजीत होतं: माझ्या सेवेची आवश्यकता राहिलेली नसल्याचं निदर्शनास आलं होतं.

त्यावरून त्यांनी चौकशी समिती नेमली. चौकशी सांगलीत झाली, उन्हाळ्यात, एका सरकारी इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. समितीवर तिघं होते. आमच्या पत्राची भाषा स्पष्ट आहे, असं त्यांच्यातले एक गृहस्थ आपणहून म्हणाले. मग त्यांनी फाईल उघडून माझ्याकडं सरकवली. "तुम्ही म्हणता ती नोंद दाखवा."

मी पानं उलटली. पुन्हा पहिल्यापासून उलटली. त्या दिवसाचं नर्सच्या नोंदीचं पान त्यात नव्हतं. आधीच्या दिवसाचं होतं, डॉक्टरांचं होतं. ती नर्स नोकरी सोडून केरळला गेली होती, पत्ता कुणाकडं नव्हता.

"तुमच्याकडं प्रत आहे का?"

नव्हती. ज्या दिवशी ती नोंद माझ्यासमोर होती, त्या दिवशी झेरॉक्स काढावी असं माझ्या मनातही आलं नव्हतं. त्या दिवशी ती झाकायची कशी, ह्याच कामात मी होते.

मेजर माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. बाहेर आल्यावर मी त्यांना स्टँडपर्यंत चालत सोबत केली, ऊन फार होतं म्हणून रस्त्याच्या सावलीच्या बाजूनं. गाडीत चढताना म्हणाले, "लिवलं तेवढं बरं केलं, ताई." आणि खिडकीतून पुढंच बघत राहिले.

आता मी सांगलीत घरीच इंग्रजीच्या शिकवण्या घेते. बहुतेक मुली नर्सिंगच्या असतात. प्रयोग बदलायचा धडा येतो तेव्हा पुस्तकात वाक्य असतं, 'रामा एट अ मँगो'. त्याचं 'अ मँगो वॉज ईटन' करायचं आणि शेवटचं 'बाय रामा' लिहिलं नाही तरी गुण मिळतात. मी मुलींना 'बाय रामा' लिहायला लावते. का, ते सांगत नाही. एक-दोघींनी तक्रार केली, पुस्तकात तर ते कंसात आहे, नसलं तरी चालतं म्हटलंय. मी म्हटलं, माझ्याकडं चालत नाही.

समितीचा निर्णय पावसाळ्याच्या शेवटी आला. त्याची प्रत मलाही पाठवली होती. चार ओळींचं पत्र, चांगल्या कागदावर. उपलब्ध अभिलेख तपासण्यात आला. आरोपांना पुष्टी मिळून आली नाही. प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. स्वल्पविराम जागच्या जागी, काळ बरोबर. मी पेन्सिल घेऊन वाचलं आणि एकही चूक सापडली नाही.

मी माणला फोन लावला. "निर्णय आलाय, मेजर. तुम्हाला वाचून दाखवू का?"

"मलाबी आलंय," ते म्हणाले. "वाचाय नगं. समजलं." पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता. जनावरं पाण्यावर न्यायची आहेत म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर मी दोनदा फोन लावला. त्यांनी उचलला नाही.