अश्फाकभाईंचा बॉयलर

मी लेखक नाही, आणि अश्फाकभाईंवर लिहायचा हक्क आधी त्यांच्या घरच्यांचा आहे. पण त्यांची बहीणच म्हणाली, "तू लिही. आम्हाला त्याचा तो खेळ कधी कळलाच नाही." म्हणून हे धाडस करतो आहे. चुकलंमाकलं तर माफ करावं.

अश्फाकभाई जहाजावर इंजिनरूममध्ये फिटर होते. मी मंडणगडकडचा, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच; रत्नागिरीत त्यांच्या घराच्या माडीवरची खोली मला भाड्याने मिळाली होती. सुट्टीवर आले की ते माझ्या खोलीतल्या टेबलावर युद्ध मांडत. परदेशी बंदरांतून आणलेले, बोटाच्या पेराएवढे सैनिक. इंग्रजांच्या राणीच्या काळातले, लाल डगल्यांचे. पण त्यांच्यासोबत वाफेवर, कोळी किड्यासारखे पाय टाकत चालणारे रणगाडे आणि मंगळावर उतरणाऱ्या पितळी नौका. फासा टाकायचा, टेपने अंतर मोजायचं, तेवढंच पुढे सरकायचं. प्रत्येक चालीला रणगाड्याचं प्रेशर फाशावर पडेल तेवढं वाढे. दहाच्या वर गेलं की बॉयलर फुटायचा आणि वीतभर अंतरातले सगळे सैनिक, आपले काय नि परके काय, उचलावे लागत. ते टाळायचं तर "वाफ सोडतो" म्हणायचं आणि ती चाल गमवायची. मी कधी सोडत नसे.

"काय रे प्रोफेसर, मंडणगडची गाडी चुकते काय तुझी?" ते विचारत.

"पुढच्या चालीला जिंकतो मी."

"जिंकशील रे. पण बघायला कोण उरेल?"

मग माझे मेलेले सैनिक ते स्वतः एकेक उचलून खोक्यात निजवत, तोंडं वर करून. त्या वेळी ते हसत नसत.

ते जहाजावर गेले की खेळ फोनवर चाले. टेबल इथे, त्यांच्या चाली तिथून. दोघांचे फासे मीच टाकायचो; त्यांनी कधी फोटो मागितला नाही. शेवटच्या खेपेला मात्र निरोप तुटक येऊ लागले. "खाली आवाज बरा नाही." "चीफ इंजिनिअर ऐकत नाही." मग माझ्या परीक्षेच्या आदल्या सकाळी, "बॉयलरचं प्रेशर उतरत नाही. काय करू?" मी टेबलाकडे पाहिलं. त्यांच्या रणगाड्याचं प्रेशर नऊवर होतं. मी लिहिलं, "वाफ सोडा. एक चाल जाऊ दे." पुढे हसरा चेहरा टाकला.

उत्तर आलं नाही. मला वाटलं, विचार करत असतील... तिसऱ्या दिवशी खालून रडणं ऐकू आलं. जहाजाचा बॉयलर फुटला होता.

तो निरोप मी त्यानंतर किती वेळा वाचला... त्यांनी खरं विचारलं असेल, तर मी हसलो होतो. घरात कुणाला सांगायची हिंमत झाली नाही. आज इथे सांगतो आहे, कारण गेल्या आठवड्यात त्यांच्या जहाजावरचे, मुरुडचे एक खलाशी भेटायला आले. मी फोन त्यांच्यापुढे धरला.

"मला दाखवलंन त्याने," ते म्हणाले. "खऱ्या बॉयलरचंच होतं ते. तुझं उत्तर घेऊन चीफकडे गेला. म्हणाला, साहेब, रत्नागिरीत बसलेल्या पोराला कळतं हे."

"चीफ काय म्हणाले?"

"बंदर गाठायचंय, थांबायचं नाही." त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. "मग अश्फाकने आम्हा चौघांना वर पाठवलं, आणि वाफ सोडायला एकटाच खाली उतरला."