मास्तर आणि शेजारीण नसलेलं शहर

मास्तर कुणाला सुखाने घाबरूसुद्धा द्यायचे नाहीत. गोष्ट ऐकताना आपल्या अंगावर काटा आला की पुस्तक मिटायचे आणि विचारायचे, "कुठल्या वाक्याला आला?" असा माणूस मी दुसरा पाहिला नाही आणि पाहायची इच्छाही नाही.

ते शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि तांबट आळीत आमच्या माडीवर भाड्याने राहायचे. खाली आमची भांड्यांची ठोकाठोक, वर त्यांची पुस्तकं. विलायतेहून कादंबऱ्या मागवायचे. सगळ्या उद्याच्या जगाच्या, आणि ते जग नरकाहून वाईट. संध्याकाळी ओट्यावर बसून एकेक पान मराठीत सांगायचे. पान एवढंसं, त्यावरचं प्रवचन हे एवढं.

त्या वर्षीची कादंबरी एका शहराची होती. कधी झोपायचं, काय खायचं, कुणाशी लग्न करायचं, सगळं सरकार ठरवणार. घंटा झाली की सगळ्यांनी एकदम "आम्ही सुखी आहोत" म्हणायचं. एक बाई म्हणत नाही, म्हणून तिच्यामागे शिपाई लागतात. मी म्हटलं, हा लिहिणारा ठार वेडा, असं कधी होतं का? मास्तर म्हणाले, "लिहिणाऱ्याला सोडा, पुस्तकाला विचारा. ही कादंबरी आजचीच आहे. उद्याचा नुसता अंगरखा घातलाय तिने." मग संस्कृतातला भयानक रस काढला. जुन्या शास्त्रात वाघ, भूत, स्मशान बघून भय वाटायचं म्हणे. "इथे वाघ नाही, भूत नाही. सगळं झाडूनपुसून जागच्या जागी आहे, त्याचंच भय." मला हातातली हातोडी फेकून मारावीशी वाटायची. मी चौथीसुद्धा पुरी केली नाही, माझ्यापुढे कसला रस काढता?

माझ्या बायकोला मात्र हे आवडायचं. आधी दाराआड तांदूळ निवडत ऐकायची, मग उंबऱ्यावर आली, मग सरळ भांडायलाच लागली.

"मास्तर, एवढ्या शहरात कुणी कुणाची चेष्टा करत नाही?"

"बंदी आहे, वहिनी."

"बंदी असली की जास्त करतात. तुम्ही आमच्या आळीत नवे आहात अजून."

मास्तर खूश. माझ्याशी बोलताना त्यांचा चेहरा असा कधी झाला नाही.

पावसाळा सरता सरता ती अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन मान हलवली. तिला आम्ही काही सांगितलं नाही. कादंबरी संपायची राहिली होती आणि तिचा एकच धोशा, "ती बाई सुटते का?" मी माडीवर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसापुढे हात जोडले. म्हटलं, "पुस्तकात काय असेल ते असो. सुटली म्हणून सांगा." मास्तरांनी हातातलं पुस्तक मिटलं. मला वाटलं, कबूल झाले.

दुपारी तिच्या उशाशी बसून त्यांनी शेवट सांगितला. बाई पकडली जाते. घंटा होते, आणि सगळ्यांबरोबर तीही म्हणते, आम्ही सुखी आहोत.

मी दारात उभा. बायको उठून बसली. कित्येक दिवस कूस बदलायलाही माणूस लागत होतं तिला!

"एवढ्या मोठ्या शहरात तिला लपवायला एक शेजारीण नाही? लिहिणारा शेजारीण विसरला आणि खापर सरकारवर!"

"शेजारीण नसणं हेच तर त्यातलं भय, वहिनी."

"मग तसं लिहायला काय झालं होतं मेल्याला?"

बराच वेळ चाललं त्यांचं. मग तिने पेज मागून घेतली.

बाहेर मी मास्तरांची गचांडी धरली. "एक खोटं बोलायला काय जात होतं तुमचं?"

"वहिनी मला ओळखतात," ते म्हणाले. "मी गोड शेवट सांगितला असता तर त्यांना कळलं असतं, आपण मरतोय म्हणून."

मला पटलं नाही. आजही पटत नाही. त्याच आठवड्यात ती गेली.

दहाव्याला गंगेवर, म्हणजे आमच्या गावच्या नदीवर, कावळा पिंडाला शिवेना. मी म्हटलं, आपल्या पोरीचं लग्न थाटात करीन. तुझ्या भावाला अंतर देणार नाही. दारू शिवणार नाही. कावळे पलीकडे बसून बघतायत. तेवढ्यात मागून मास्तर पुढे आले आणि भटजींच्या देखत मोठ्याने म्हणाले, "वहिनी, तुमचं बरोबर. लेखक शेजारीण विसरला."

कावळा शिवला. माझ्या एवढ्या वचनांना आला नाही तो.

परतताना मी विचारलं, "खरंच पटलं होतं?"

"नाही," मास्तर म्हणाले.

मग भर रस्त्यात मी त्यांना तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. ती जिवंत असताना एक खोटं मागितलं ते दिलं नाही, आणि आता कावळ्यापुढे दिलं! ते खाली मान घालून ऐकत आळीपर्यंत माझ्याबरोबर चालत आले.

गाव सोडेपर्यंत त्यांनी ओट्यावर पुन्हा पुस्तक उघडलं नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "कुणाला सांगू? समोर कोण आहे?"

मी समोरच बसलेला असायचो.