बाईंच्या टाकीतलं पाणी

मी सर्वांत जास्त ऋणी कोणाचा असेन तर आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचा. आमचं गाव सावद्याच्या बाजूला, केळीच्या बागांमधलं. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा मी बागेच्या कामाला लागायचं हे ठरलेलंच होतं. त्याच वर्षी बाईंची धुळ्याला, त्यांच्या स्वतःच्या गावी बदली झाली. जाण्याआधी त्या आमच्या घरी आल्या, ओट्यावर बसल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "नाना, हा मुलगा मला द्या."

वडील दचकले. "द्या म्हंजे?"

"म्हणजे माझ्याकडे राहील, कॉलेज करेल. सुट्टीत घड उचलायला परत पाठवीन."

आई दाराआडून म्हणाली, "जेवाले लई लागते त्याले."

"मी एकटी आहे," बाई म्हणाल्या. "रोजची एक भाकरी उरते. ती हा खाईल."

पाच वर्षं मी त्यांच्या घरी राहिलो. भाकरी एकवर कधी भागली नाही. रसायनशास्त्र घेऊन मी बी.एस्सी. झालो. शेवटच्या वर्षी कॉलेजची सहल मुंबईला गेली, तिथे एका मत्स्यालयात काचेमागे मी जिवंत प्रवाळ पाहिलं. तोवर प्रवाळ म्हणजे अंगठीतलं पोवळं एवढंच मला ठाऊक होतं. इथे तर तो दगड श्वास घेत होता. हिरवट-तपकिरी, वळ्यावळ्यांचा, आणि वळ्यांमधून बारीक बोटं बाहेर येऊन पाणी चाचपत होती. सर शिट्टी फुंकून सगळ्यांना बाहेर बोलवत होते. मी सगळ्यांच्या शेवटी बाहेर आलो. नोकरी मिळेना तेव्हा मी जळगावला शोभेच्या माशांचं दुकान काढलं, त्याचं मूळ त्या काचेत होतं.

आधी काही वर्षं साधे, गोड्या पाण्यातले मासे विकले. मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून जिवंत प्रवाळ मिळू लागलं. प्रश्न पाण्याचा होता. आमच्यापासून समुद्र एका रात्रीच्या प्रवासाइतका लांब. त्यावर उपाय निघाला केळीच्या ट्रकचा. सावद्याहून केळी मुंबईला जायची आणि ट्रक बरेचदा अर्धे रिकामे परतायचे. एक ओळखीचा ड्रायव्हर एका कोळ्याकडून खोल पाण्यात भरलेले कॅन आणू लागला. तो धुळ्याकडचा, अहिराणी बोलणारा. कॅन उतरवताना दर वेळी तोच टोमणा मारायचा, "भाऊ, मुंबईना समुद्र बठ्ठा जळगावले आणी टाकशी का रे? ना पेवाले कामनं, ना वावरले कामनं!"

"तुले नही समजाव," मी त्याच्याच बोलीत म्हणायचो.

"नहीच समजाव. खारं पानी इकस आणि लोके घेतस! येडा कोन शे, तू का लोके?"

पाण्याचा खारेपणा मोजायला काही साधन हवं होतं. ते मला घरातच मिळालं. आमच्याकडे दोन म्हशी होत्या आणि वडील गावच्या डेअरीत दूध घालायचे. डेअरीत दूध तपासायची काचेची नळी असते, तिला लॅक्टोमीटर म्हणतात. दुधात पाणी असलं की नळी जास्त बुडते, आकडा कमी येतो. समुद्राचं पाणी या नळीवर बरोबर पंचवीस-सव्वीस दाखवतं, हे मी पुस्तक उघडून ताडून पाहिलं आणि मला फार आनंद झाला. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी टाकीबरोबर एक नळी द्यायचो आणि छापलेलं एक कार्ड. त्या कार्डावरची तिसरी सूचना मला अजून पाठ आहे : 'पाणी कमी झाल्यास समुद्राचेच पाणी घालावे. साधे पाणी घालू नये. आकडा पंचविसाच्या खाली जाऊ देऊ नये.'

ही सूचना मी कुठून आणली? कुठल्या पुस्तकात ती नव्हती. ती डेअरीतून आली. आमच्या गावात डेअरीच्या रांगेत एखाद्याची नळी बुडाली, तर त्या माणसाची मान आठवडाभर वर होत नसे. वडील म्हणायचे, "घरात खायले नसलं तरी चालते, दुधात पानी नको." दूध कमी पडलं तर कमी घालायचं. आकडा खाली आला तर पाप. वर गेला तर? वर गेला तर डेअरीवाला कौतुक करायचा, म्हैस चांगली आहे म्हणायचा. मी पदवीधर झालो, दुकानदार झालो, पण साधं पाणी ओतणं म्हणजे भेसळ, हे माझ्या हातात भिनलेलं होतं. पाण्यातून वाफ होऊन फक्त पाणी जातं, मीठ मागेच राहतं, हे लहान मुलालाही कळतं. मलाही कळत होतं. पण ते परीक्षेच्या पेपरात कळत होतं, टाकीशी उभं राहिल्यावर नाही.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवाळीत मी त्यांना एक टाकी भेट दिली. धुळ्याच्या त्यांच्या पुढच्या खोलीत मी स्वतः ती मांडली आणि तिच्यात त्याच वळ्यावळ्यांच्या जातीचं एक प्रवाळ ठेवलं. पाण्याचे कॅन ट्रकवाला जाता-येता त्यांच्या दाराशी ठेवणार होता. बाईंनी कार्ड चष्मा लावून वाचलं. तिसऱ्या सूचनेवर त्यांचं बोट थांबलं.

"अरे, पण उडून जातं ते साधं पाणी ना? मीठ तर आतच राहतं. मग वर परत खारं घातलं तर..."

मला परतीची एस.टी. गाठायची होती. आणि खरं सांगायचं तर, मला त्या क्षणी मोठं वाटत होतं. ज्यांनी मला शिकवलं त्यांना मी काहीतरी देत होतो. मी हसलो आणि म्हणालो, "बाई, पुस्तकातलं वेगळं आणि समुद्राचं वेगळं. हा माझा धंदा आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. "तू म्हणतोस तर."

हे तीन शब्द मी तेव्हा ऐकलेसुद्धा नाहीत.

हिवाळ्यात सगळं ठीक होतं. बाईंची पोस्टकार्डं यायची. प्रवाळ किती उघडलं, बोटं केव्हा बाहेर आली, हे त्या लिहायच्या. शेजारच्या बायका बघायला येतात आणि एकीने टाकीला हळदीकुंकू वाहायचं विचारलं, असंही एकदा लिहिलं होतं. मग उन्हाळा आला. धुळे-जळगावच्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी रोज बोटभर खाली जातं, कूलर समोर असेल तर जास्तच. बाई रोज कॅनमधलं पाणी घालत राहिल्या.

वैशाखात मी गेलो तेव्हा प्रवाळ पांढरं पडलेलं होतं. बाईंनी ते टाकीतून काढून पितळी ताटात ठेवलं होतं. खोलीत एक वास होता, जो मी नंतर कुठे कुठे ओळखला. त्यांच्याजवळ वही होती, त्यात टाकीत काय काय घातलं ते आणि रोजचा आकडा तारखेसह लिहिलेला : सव्वीस, सत्तावीस, एकोणतीस, बत्तीस, चौतीस. मी ती वही पाहिली आणि म्हणालो, "आकडा कुठेच खाली गेलेला नाही. तुम्ही सगळं नीट केलंत. उष्णतेनं झालं असेल."

"नाही रे," त्या म्हणाल्या. "माझ्याकडूनच काहीतरी राहिलं. हल्ली लक्ष राहत नाही माझं. परवा दूध उतू गेलं. एकदा टाकीत शेवाळाचं औषध दोनदा घातलं का काय, मला आठवत नाही."

"असं काही नाही, बाई."

"तू तरी किती सांभाळून घेशील."

त्या आणि पुढच्या उन्हाळ्यांत माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांची प्रवाळं मेली. लोकांनी फार तक्रार केली नाही. त्यांनी ती पांढरी हाडं धुऊन शोकेसमध्ये ठेवली. पुढे कोणाच्याही घरी गेलो, साखरपुड्याला, सांत्वनाला, की टी.व्ही.वर, बाहुलीच्या शेजारी, ती कवटी माझ्याकडे बघत असायची. घरची माणसं कौतुकानं सांगायची, "तुमच्याकडूनच घेतलं होतं बरं का!" मी चहा तसाच ठेवून उठलेलो आहे.

मरत नव्हती फक्त माझ्या घरची टाकी. ती दाखवायला मी गिऱ्हाइकांना घरी आणायचो : बघा, तीन वर्षं झाली. एका सकाळी बायको स्वयंपाकघरातून तांब्या घेऊन आली आणि माझ्यासमोर तिनं तो टाकीत ओतला.

"हे काय घातलंस?"

"पाणी."

"कुठलं?"

"माठातलं. रोज घालते."

"साधं? अगं, कार्डावर काय लिहिलंय?"

"ते कार्ड तुमच्या गिऱ्हाइकांना," ती म्हणाली. "तुम्ही दिवसभर दुकानात. तो एवढा जड कॅन मी रोज एकटी तिरपा करू? पहिल्यापासून माठातलंच घालते. तुमच्या त्या दगडानं कधी तक्रार केली नाही."

मी नळी घेऊन टाकीत सोडली. पंचवीस. नळी काढून पुन्हा सोडली, पंचवीसच. ती म्हणाली, "काय झालं? रागावलात का?" मी नाही म्हणालो. माझ्यासमोर बाईंची वही उभी होती, चौतिसावर संपलेली.

त्यानंतर मी प्रवाळ विकणं थांबवलं. ज्यांच्या घरी टाक्या अजून होत्या, त्यांच्याकडे जाऊन कार्डं परत मागितली. एक कापड व्यापारी मोठ्यानं हसला, "म्हणजे आम्ही बिचाऱ्याचं लोणचं घातलं की हो!" मला हसता आलं नाही. दुकान दुसऱ्याला देऊन मी एका शाळेत प्रयोगशाळेची नोकरी धरली. मुंबईचा व्यापारी म्हणाला, सूचना बदला आणि धंदा चालू ठेवा, एवढ्यासाठी कोणी सोडतं का? त्याचं बरोबरच होतं. पण मी कोणाच्या दारात उभा राहून 'हा माझा धंदा आहे' असं पुन्हा म्हणू शकत नव्हतो. घरची टाकी मात्र ठेवली. ती आजही आहे. प्रवाळाची बोटं बाहेर आली की मी अजूनही बायकोला हाक मारतो. मेलेल्यांची आठवण होते ती त्याच वेळी, म्हणजे रोज.

एकच काम राहिलं होतं आणि तेच होत नव्हतं. दोनदा मी पारोळ्यावरून धुळ्याला गेलो, बाईंसमोर बसलो, चहा प्यायलो आणि न सांगता परत आलो. पहिल्या वेळी, निवृत्तीनंतर त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या मुली दिसल्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "बंद केलं. चुकीचं शिकवलं तर?" दुसऱ्या वेळी गॅसच्या शेगडीवर कागद चिकटवला होता, 'बंद केला का?' आणि दरवाज्याच्या आतल्या बाजूला दुसरा, 'कुलूप लावले का?' त्यांनी सांगितलं की सुरतेचा पुतण्या त्यांना घेऊन जाणार आहे, घर बंद करणार आहे. "टाकीपासून मला कळलं रे," त्या म्हणाल्या. "इतकं सोपं काम, आणि माझ्या हातून जीव गेला. आता एकटीनं राहण्यात अर्थ नाही."

मी त्यांच्या घरातून निघालो ते बसस्थानकावर बाकावर बसून राहिलो. जळगावच्या दोन गाड्या समोरून गेल्या. घरी आल्यावर मी पत्र लिहिलं. तोंडानं सांगितलं असतं तर त्यांनी मला पुन्हा सांभाळून घेतलं असतं. पत्राला मध्ये थांबवता येत नाही.

बाई,

नमस्कार. तुमच्या टाकीतलं प्रवाळ तुमच्या हातून मेलं नाही. ते मी मारलं.

कार्डावरची तिसरी सूचना चुकीची होती. पाणी कमी झालं की साधंच पाणी घालायचं असतं. खारं घातल्यामुळे मीठ वाढत गेलं. तुमच्या वहीत ते स्पष्ट दिसतं. सव्वीसपासून चौतीसपर्यंत तुम्ही रोज लिहून ठेवलं होतं, आणि वैशाखात ती वही हातात घेऊन मी म्हणालो की सगळं नीट आहे. आकडा खाली गेला का एवढंच मी पाहिलं, तो चढत गेला हे पाहिलं नाही. माझ्या घरची टाकी जगली ती माझ्यामुळे नाही. माझी बायको माझं न ऐकता माठातलं पाणी घालत होती.

दिवाळीत तुम्ही मला विचारलं होतं की मीठ तर आतच राहतं ना. तुमचं बरोबर होतं. मी हसलो. मी तुम्हाला गप्प केलं, आणि तुम्ही माझा मान ठेवलात. ते आठवलं की मला झोप येत नाही.

ही गोष्ट मला वर्षभरापूर्वी कळली. त्यानंतर दोनदा तुमच्याकडे येऊन मी सांगितली नाही. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी आहे, कारण तुम्ही मुलींना शिकवणं सोडलंत ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि तरी चहा पिऊन निघालो.

दूध सगळ्यांचंच उतू जातं. औषध दोनदा घातलं नव्हतं, ते वहीत एकदाच लिहिलेलं आहे, मी तेव्हा पाहिलं होतं. तुमचं डोकं शाबूत आहे. त्या घरात चुकला तो मी होतो.

सुरतेला जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण टाकीमुळे जाऊ नका. पुतण्याला हे पत्र दाखवायचं असेल तर दाखवा, मला चालेल.

मी येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं येतो आहे. दार उघडायचं नसेल तर उघडू नका, मी समजेन. उघडलंत तर कृपा करून मला सांभाळून घेऊ नका.

तुमचा विद्यार्थी