बेळगावला निघालेले डॉक्टर

सांबरेकर डॉक्टरांनी माझ्या दाढेला पहिल्यांदा हात लावला तेव्हा त्यांच्या बोटांना पेट्रोलचा वास येत होता.

लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर त्यांचा दातांचा दवाखाना होता. मी परळच्या एका शाळेत गणिताचा मास्तर. दाढेने तीन दिवस भंडावून सोडलं होतं, म्हणून शाळा सुटल्यावर तडक तिथे गेलो. आत रोग्याच्या खुर्चीत कोणी माणूस नव्हता. तिथे स्वच्छ पांढरा टॉवेल अंथरून त्यावर एक काळपट पितळी डबडं ठेवलेलं होतं. तोंडात घालायचा इवलासा आरसा त्याच्या भोकात सारून डॉक्टर वाकून पाहत होते. चेहऱ्यावर अशी काळजी, की मला वाटलं, आता ते त्या डबड्याला ‘आ करा’ म्हणणार.

“बसा की,” ते मान वर न करता म्हणाले. “फटफटीचा कार्बुरेटर आहे. दोन मिनिटं. खरं, तुमचं लई दुखतंय काय?”

“खरंच दुखतंय हो.”

“तसं नव्हे ओ!” ते हसले. त्यांच्या बेळगावात ‘पण’ म्हणायचं असलं की ‘खरं’ म्हणतात, हे त्यांनी मला तिथेच समजावून सांगितलं. मग तीन वेळा साबणाने हात धुतले, कार्बुरेटर उचलून खिडकीत ठेवला आणि मला खुर्चीत बसवलं. मी म्हटलं, एकदाची उपटून टाका. त्यांना ते आवडलं नाही. “मूळचं आहे ते. मूळचं काढायचं नसतं. खणू, भरू, राखू.” आणि त्यांनी पायाने चालवायच्या यंत्राने ती दाढ तासभर कोरली.

सगळं झाल्यावर त्यांनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. “मास्तर, वजन किती तुमचं?”

मला वाटलं, औषधाचं प्रमाण ठरवायचं असेल. मी म्हटलं, “एकशे नव्वद पौंड.”

“वा!” डॉक्टरांचा चेहरा उजळला. “रविवारी सकाळी मोकळे आहात काय?”

अशा रीतीने मी त्यांच्या फटफटीला बाजूने जोडलेल्या साइडकारमध्ये बसू लागलो. रिकामी साइडकार वळणावर उचलली जाते, तिच्यात काहीतरी जड हवं असतं. आधी ते वाळूची पोती घालत. खरं, पोती ढकलायला उतरत नाहीत, असं डॉक्टर म्हणायचे.

ती फटफटी गेल्या महायुद्धातली होती. लढाई संपल्यावर लष्कराने जे भंगारात काढलं त्यात ती माझगावच्या एका वखारीत पडून होती, तिथून डॉक्टरांनी ती उचलली. लांब पल्ल्याची, दणकट, वाळवंटात धावलेली गाडी, असं ते सांगत. ती धावत असेलही, कारण तिच्या पोटातून अधूनमधून वाळू निघायची. तिच्यासाठी डॉक्टर मिस्त्रीकडे कधी गेले नाहीत. “आपल्या घरचा रोगी दुसऱ्याच्या खुर्चीत का बसवायचा?” असा त्यांचा सवाल असे. शिवाय मिस्त्री म्हणजे जुनं काढून नवं घालणार, आणि मूळचं काढणं डॉक्टरांना सोसायचं नाही.

त्यामुळे तिच्यावर सगळे इलाज दवाखान्यातलेच झाले. कार्बुरेटरची बारीक छिद्रं दात टोकरायच्या सुईने साफ व्हायची. टाकीला भोक पडलं तेव्हा त्यांनी ते दातांत भरायची चांदी घालून बुजवलं, आणि दोन तास टाकीने काही चावू नये अशा थाटात तिच्याजवळ पहारा दिला. क्लचच्या दांडीची मूठ तुटली, तर मेणात ठसा घेऊन कवळीच्या मसाल्याची नवी मूठ ओतली. काम झकास झालं. फक्त तिचा रंग हिरड्यांचा होता. रस्त्यात गाडी उभी असली की पोरं त्या गुलाबी मुठीकडे बघत उभी राहायची आणि हात लावायची हिंमत कोणाला होत नसे.

दर रविवारी आम्ही लालबागहून निघायचो. परळ, दादर, माटुंगा, आणि शीव आली की फटफटी बंद पडायची. का, ते देवाला ठाऊक. शिवेच्या वळणावरचे दुकानदार आम्हाला ओळखू लागले. एक कोळीण टोपली उतरवून हमखास विचारायची, “काय दाक्तर, आज तरी गाव गाठनार का?” डॉक्टर रस्त्यावर टॉवेल पसरत, हत्यारं मांडत, आणि तिला सांगत, “पुढच्या रविवारी नक्की.” मग मी उतरून ढकलायला लागायचो.

गाव म्हणजे बेळगाव. डॉक्टरांची आई तिथे एकटीच राहायची, आणि तिला न कळवता फटफटीवरून दारात जाऊन उभं राहायचं, ही त्यांची मूळची हौस. हौसेची शपथ झाली ती नंतर. राज्यांच्या नव्या हद्दी आखल्या गेल्या आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, त्या दिवशी डॉक्टरांनी दवाखान्यात चार रोग्यांदेखत जाहीर केलं, “बेळगाव महाराष्ट्रात येईल त्या दिवशी मी या गाडीवरून बेळगावात शिरीन. तोवर तिथं पाऊल टाकणार नाही.” चौघांपैकी एकाच्या तोंडात कापूस होता, त्याने नुसती मान हलवली. बाकीच्या तिघांनी टाळ्या वाजवल्या.

दवाखान्यामागेच बिऱ्हाड होतं, तिथून डॉक्टरांच्या पत्नी इंदूवहिनींनी हे ऐकलं. त्या गिरगावात वाढलेल्या, स्पष्ट बोलायच्या. टाळ्या थांबल्यावर पडदा सारून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “आणि सासूबाईंना कोण कळवणार हे? त्या दर पत्रात विचारतात, कधी येतोस म्हणून.”

“आईला समजतं की ओ सगळं.”

“त्यांना तुम्ही समजता. शपथ समजेल का, ते मला माहीत नाही.”

डॉक्टर वळून पुढच्या रोग्याला म्हणाले, “आ करा.”

संयुक्त महाराष्ट्राची चर्चा तेव्हा घराघरांत होती. आमच्या दवाखान्यात मात्र ती एकतर्फी चाले. रोग्याच्या तोंडात दोन हत्यारं घालून डॉक्टर मुंबईचा प्रश्न, सीमाभागाचा प्रश्न सविस्तर मांडत, मग थांबून विचारत, “बरोबर आहे की नाही?” रोगी “आँ” म्हणे. डॉक्टरांच्या हिशेबी लालबागमध्ये त्यांच्या मताशी असहमत असा एकही माणूस नव्हता.

एक प्रसंग मात्र मी हसत सांगू शकत नाही, निदान सगळा नाही. चळवळीतल्या माणसांवर मुंबईत झालेल्या गोळीबाराला वर्षही झालं नव्हतं. एका रविवारी आम्ही परळच्या नाक्यावर आलो आणि फटफटीने मागून बार काढला. एक, लगेच दुसरा. थेट बंदुकीसारखा आवाज. क्षणात दुकानांच्या फळ्या लागल्या. ट्राममधली माणसं बाकांखाली गेली. एक म्हातारे गृहस्थ फुटपाथवर पालथे पडून राहिले, डोक्यावर दोन्ही हात घेऊन.

डॉक्टरांनी गाडी बंद केली. ते धावत त्या म्हाताऱ्यांकडे गेले, त्यांना उठवून बसवलं, “गाडी आहे हो बाबा, नुसती गाडी आहे,” म्हणत राहिले. म्हाताऱ्यांनी एकदा गाडीकडे आणि एकदा डॉक्टरांकडे पाहिलं. धोतराचा सोगा सावरला. त्यांनी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, असं डॉक्टर पुढे कितीतरी वेळा म्हणाले. मग ते प्रत्येक दुकानाच्या फळीवर टकटक करत, हात जोडून माफी मागत फिरले.

तेवढ्यात एक हवालदार आला. एक गाल टम्म फुगलेला, त्यामुळे त्याचा दरारा निम्मा झालेला. “कोनाची गाली?” तो ओरडला. त्याला ‘गाडी’ म्हणायचं होतं. डॉक्टर पुढे झाले. त्याने डॉक्टरांना चौकीवर चलायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “येतो की. खरं, ती खालची उजवी अक्कलदाढ आहे ना? उजेडाकडे तोंड करा बघू.”

“तुमी माझी चौकशी करू नका,” हवालदार म्हणाला, आणि उजेडाकडे तोंड केलं.

चौकीवर आम्ही दोन तास बसलो. फौजदारांनी गाडीचा पंचनामा लिहायला घेतला आणि ‘मुठीचा रंग’ या ठिकाणी बराच वेळ अडकले. शेवटी ताकीद देऊन सोडलं. दुसऱ्या दिवशी तो हवालदार साध्या कपड्यांत दवाखान्यात येऊन बसला, आणि डॉक्टरांनी त्याची दाढ राखली.

खरं, त्यानंतर पाच महिने डॉक्टरांनी फटफटी सुरू केली नाही. “लोकांनी खऱ्या गोळ्या ऐकल्यात, मास्तर,” ते मला म्हणाले. “माझ्या हौसेपायी त्यांच्या छातीत धस्स व्हावं, हे बरं नव्हे.” त्या पाच महिन्यांत त्यांनी इंजिन पार खोललं. दवाखान्यातल्या कपाटात वरच्या खणात कवळ्या आणि खालच्या खणात झडपा, असा संसार होता. एका बाईंच्या कवळीच्या पुडीत एकदा झडपेची स्प्रिंग गेली. त्यांनी ती परत आणून दिली आणि विचारलं, ही जेवणाआधी लावायची का नंतर?

इंजिन परत जुळलं तेव्हा मी ते ऐकायला गेलो. ते मांजरासारखं गुरगुरत होतं. पुढच्या रविवारी आम्ही शीव ओलांडली. कोळणीने टोपली डोक्यावरून उतरवलीच नाही, नुसतं बघत राहिली. मुलुंडपर्यंत जाऊन परत आलो. आता तयारी पूर्ण होती. शपथ तेवढी अडून बसली होती.

तीन वर्षं अशी गेली. आईची पत्रं येत, ती वहिनी वाचून दाखवत. एका पत्रात फक्त एवढंच होतं की, पायरीवरून पाय घसरला, आता बरं आहे, तू तुझी कामं कर.

मग महाराष्ट्र झाला. मुंबईसह झाला. लालबागमध्ये तोरणं लागली, लेझीम निघाली, माणसं अनोळखी माणसांना मिठ्या मारत होती. बेळगाव त्यात नव्हतं. डॉक्टरांनी पेढे आणले, चाळीतल्या प्रत्येक बिऱ्हाडात स्वतः जाऊन वाटले, प्रत्येकाला म्हणाले, “अभिनंदन ओ, अभिनंदन.” सगळे वाटून झाल्यावर ते दवाखान्यात आले आणि रोग्याच्या खुर्चीत जाऊन बसले. त्या खुर्चीत बसलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. बाहेर ढोल चालले होते. मी टेबलावरची हत्यारं उगाच सरळ करत राहिलो.

वहिनी आतून आल्या. त्यांच्या हातात बांधलेलं बोचकं होतं.

“उद्या सकाळी निघायचंय,” त्या म्हणाल्या. “मी साइडकारमध्ये बसेन. माझं वजन मास्तरांइतकं नाही, पण लोणच्याची बरणी घेते आहे.”

“इंदू, मी शपथ...”

“तुमची शपथ सरकारशी होती. सासूबाईंनी काय केलं होतं तुमचं? त्या कोणत्या राज्यात राहतात, हे त्यांनी चार वर्षांत एकदा तरी लिहिलंय का? त्या आपल्या घरात राहतात.”

डॉक्टर उठले, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाले, “चेनला तेल द्यायला पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी अख्खी चाळ निरोपाला उतरली. तो हवालदारही आला होता. त्याने नाक्यावर हात आडवा करून ट्राम थांबवली आणि फटफटीला वाट करून दिली. आठवड्याने कार्ड आलं. तिसऱ्या दिवशी सुखरूप पोचलो, वाटेत फक्त दोनदा थांबलो, एकदा पंक्चर आणि एकदा बरणी.

ते पंधरा दिवसांत परतणार होते. महिना झाला, दोन झाले. दर कार्डात एकच मजकूर: गाडीत किरकोळ बिघाड आहे, झाला की निघतो. रोगी मला शाळेत येऊन विचारू लागले. शेवटी दिवाळीच्या सुटीत मीच रेल्वेने बेळगावला गेलो.

घराच्या अंगणात फटफटी उभी होती आणि डॉक्टर तिच्याखाली पडलेले होते. शेजारी पाटावर त्यांची आई. ठेंगणी, लुगड्याचा पदर कमरेला खोचलेली, पाय आखडलेला. डॉक्टर हात बाहेर काढत आणि ती त्यावर नेमका पाना ठेवी. वहिनींनी चहा केला. मी विचारलं, “काय बिघडलंय?”

“प्लग सापडेना की ओ,” डॉक्टर म्हणाले. “साफ करून ठेवला होता. इथंच कुठं तरी पडलाय.”

दुपारी डॉक्टर बाजारात गेले तेव्हा आईने मला खुणेने देवघरात बोलावलं. समईमागच्या डब्यात हात घालून तिने फडक्यात गुंडाळलेला प्लग दाखवला.

“हा घातला की गाडी सुरू होते,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला सांगते. खरं, त्याला सांगू नका हं.”

मी शब्द दिला. चार दिवसांनी डॉक्टर मला पोचवायला स्टेशनवर आले, टांग्याने. गाडी सुटायला वेळ होता. मला राहवेना. मी नुसतं म्हटलं, “डॉक्टर, बेळगावात नवा प्लग मिळत असेल ना?”

“मिळतो की. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच दुकान आहे.” ते रुळांकडे बघत होते. “आणि जुना समईमागं आहे, तेही माहीत आहे.”

“मग?”

“मग काय, मास्तर. शोधतोय.”

पुढच्या वर्षी वहिनी एकट्या येऊन लालबागचा दवाखाना आवरून गेल्या. बेळगावात डॉक्टरांनी मराठी पाटी लावून नवा दवाखाना काढला. आई त्यानंतर अकरा वर्षं जगली, आणि शेवटपर्यंत रोज सकाळी चहा झाला की डॉक्टर अंगणात उतरून, तिला ऐकू जाईल अशा आवाजात, प्लग शोधत होते.